फुटला, फोडला

चिलोए बेटावर पावसाचे दिवस मोजत नाहीत,
कोरडे मोजतात.
तसल्या एका कोरड्या दिवशी
माझ्या भावाने, आलिरोने,
धक्क्यावरचा दिवा गलोलीने टिपला.
नऊ वर्षांचा होता. नेम चांगला होता.
कुणी पाहिलं नाही.
मी पाहिलं, पण मी सहा वर्षांची,
म्हणजे कुणीच नाही.

त्या रात्री शेवटच्या होडीतून उतरताना
दोन्या एदेल्मिराचा पाय चुकला.
बटाट्यांचं पोतं पाण्यात गेलं
आणि मनगट मोडलं, उजवं.

शाळेत ओर्तेन्सिया बाईंनी "कुणी?" असं विचारलं नाही.
विचारलं, "दिवा कुणाचा होता?"
नगरपालिकेचा.
वीज कंपनीचा. सरकारचा.
कुणाचाच नाही, म्हणाली मागच्या बाकावरची रोसाउरा.
बाईंनी सगळी उत्तरं फळ्यावर लिहिली
आणि चार दिवस पुसली नाहीत.
गणितं कोपऱ्यात, अंग चोरून सोडवली आम्ही.

घरी बाबा जाळं सांधत होते.
आलिरोच्या ताटातला मासा तसाच निवत होता.
बाबांनी मासा पाहिला, मग त्याला पाहिलं,
मग खुंटीवरचा कंदील काढला.
"चल. होडी यायची वेळ झाली. धर हा."
एवढंच.
तीन रात्री त्याने कंदील धरला,
एक हात भरून आला की दुसऱ्या हातात.
उतरणारे म्हणत, "शाबास रे पोरा,"
आणि प्रत्येक शाबासकीला
त्याची मान आणखी थोडी कोटात जाई.

चौथ्या रात्री, परतताना,
चिखलात उभा राहून तो बोलला.
बाबांनी ऐकलं. कंदिलाची वात खाली केली.
(त्याचा चेहरा दिसू नये म्हणून, असं आज वाटतं;
तेव्हा वाटलं, तेल वाचवतायत.)
"मला सांगितलंस, बरं केलंस.
पण पडलो मी नव्हतो."

दोन्या एदेल्मिराने दार उघडलं, ऐकून घेतलं,
शिव्या दिल्या, मनापासून, अस्सल,
आणि प्लास्टरातल्या हाताने सुरी दाखवली.
महिनाभर तिचे बटाटे त्याने सोलले.
जाड सोलतोस, म्हणायची.
माझ्या नवऱ्यासारखा.

मग बाईंनी त्याला अर्ज लिहायला बसवलं.
"माननीय नगराध्यक्ष,
आमच्या धक्क्यावरचा दिवा फुटला आहे."
लाल शाई 'फुटला'खाली थांबली.
समासात लिहिलं: आपोआप?
तो वही घेऊन जागेवर गेला.
"दिवा फोडला गेला आहे."
लाल शाई: वाऱ्याने?
तिसरा कागद त्याने खाल्ला, खरंच खाल्ला,
चौथ्यावर नुसताच खांब काढला.
पाचव्यावर: "दिवा मी फोडला."
तीन शब्द, पेन्सिल इतकी दाबलेली
की पाठच्या पानावर बोटाने वाचता यावेत.
बाईंनी त्यांच्याखाली काही लिहिलं नाही.
पुढच्या ओळीतल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका तेवढ्या दुरुस्त केल्या.

उत्तर सात महिने आलं नाही.
तोवर कंदिलाच्या पाळ्या लागल्या:
सोमवारी रोसाउरा, मंगळवारी आम्ही,
रविवारी पाद्रीबाबा, कुरकुरत.

आणि एके दिवशी, कुणाला न सांगता,
खांबावर नवा दिवा आला,
एवढा प्रखर की दोन्या एदेल्मिराच्या कोंबड्या
मध्यरात्री उठून दाणे मागू लागल्या.

पुन्हा वही निघाली.
आता मीही लिहिती झाले होते.
मी लिहिलं: "या दिव्याचा लोकांना त्रास होतो."
लाल शाई 'लोकांना'खाली येऊन थांबली:
कोणत्या?

संध्याकाळी आलिरो आणि मी दारोदार निघालो,
वही कोटाच्या आत. पाऊस होताच.
दोन्या एदेल्मिराने सही केली
सांधलेल्या मनगटाने, वाकडी,
आणि शाई वाळेपर्यंत
आम्हाला बटाटे सोलायला बसवलं.