शे आणि आहे

पारोळ्याच्या शाळेत हजेरीला
मी म्हणाले, "मी शे."
वर्ग हसला. सोनवणे बाईंनी डस्टर आपटलं,
"आहे म्हण. मी आहे."

तेव्हापासून माझ्या दोन जागा झाल्या.
ओट्यावर शे, बाकावर आहे,
आणि मधल्या रस्त्यात नुसतीच चालणारी.
माय शेजारणीला सांगे, "धाकली मुकीच शे."
बाई प्रगतिपुस्तकात लिहीत, अबोल आहे.
दोघींचं जमलं ते एवढ्या एकाच गोष्टीवर,
म्हणून मीही मानलं.

पुढे जिनिंगमध्ये लागले, वजनकाट्यावर.
गाडी भरून येते, रिकामी जाते.
भरल्यातून रिकामं वजा करायचं
आणि उरेल तो कापूस
यार्डाच्या टोकापर्यंत ओरडून सांगायचा.
बारा वर्षं.

परवा झावरू हमाल कानावर हात ठेवून म्हणाला,
"सुपडाताई, तुना आवाज मोठा शे व माय!"

पावतीवर पेन तसंच राहिलं.
मागे वळून पाहिलं,
कुणाला म्हणतोय हा.

रात्री कळण्याची भाकर थापताना
हळूच विचारलं, "कोन शे तू?"
काही आलं नाही.
भाकर उलटली.
परत विचारलं,
जरा मोठ्यानं.