कानखूण

आमच्या बेटावर माणसांहून मेंढ्या जास्त
आणि आडनावं फक्त पाच.
कुंपण नाही, डोंगर सगळ्यांचा.
म्हणून कोकराच्या कानावर घराची खूण कापायची:
डाव्याला खाच, उजव्याचं टोक तिरकं,
ही आमची.
बापाने मला अक्षरांआधी ती शिकवली.
धुक्यात नुसतं बोट फिरवून
आपलं कुठलं, परकं कुठलं, सांगता यायला हवं.

रानवाला खाज सुटली गवतकापणीच्या दिवसांत.
आधी तळहात, मग तळपाय.
लोकरीला दोष दिला, साबणाला दिला.
लोकर विंचरायची फणी घेऊन रात्री पाठ खाजवायची
आणि मला म्हणायची, भाऊ, आता मलाच कातर.
नाताळच्या आधी डोळे पिवळे झाले.
फेरी तीन दिवस बंद होती,
हेलिकॉप्टरने नेली.

डॉक्टरीण शेजारच्या बेटावरची.
अंगात राखणदार असतात, म्हणाली,
परक्याला हुसकणारे.
हिच्या राखणदारांना हिचंच यकृत परकं वाटतंय.
म्हणजे कानखूण वाचता येईना त्यांना, मी म्हणालो.
ती जरा थांबली.
असंच काहीसं.

जवळच्या नात्यात लग्नं झालीत का?
रानवा पिवळी पिवळी हसली.
बाई, ज्याला मी नको म्हटलं
तोही माझ्या आत्याचा नातू.

चर्चच्या वहीत लिहिलंय:
मार्चमधल्या एका सकाळी दोन होड्या गेल्या,
चौदा पुरुष. मागे सात चुली उरल्या.
त्या सात चुलींचे आम्ही सगळे,
त्याच वाकड्या करंगळ्या, तेच घोगरे आवाज,
आणि हेही, कुणाकडून तरी.
हानुसकडून?
की त्याच्या बायकोकडून,
जिच्या नावाच्या जागी नुसतं ‘बायको’ आहे?
एकाच कुणाकडून नसतं ते, डॉक्टरीण म्हणाली,
बरंच काही जुळून यावं लागतं,
आणि जुळूनही बहुतेकांना काही होत नाही.
समजलं मला.
तरी त्या रात्री मी वही पुन्हा उघडली.

मग सुई. काळजाचा तुकडा काढून तपासणार.
फोनवर आईला सांगताना जीभ अडली.
आई म्हणाली,
तिच्या काळजाचा तुकडा इथे माझ्यासमोर बसून
भागाकार करतोय, आणि चुकतोय.
बिरिता. नऊ वर्षांची.

आता रानवा बरी आहे, म्हणजे गोळ्या आहेत.
राखणदार पेंगतात.
तोंड सुजून गोल झालंय.
आरशाला विचारते, ही कुठल्या घरची?

ऑक्टोबरात मेंढी कापली.
काळीज हातावर घेतलं, गरम, गुळगुळीत,
आणि कढईत टाकायच्या आधी
खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं.
असं मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

उन्हाळ्यात रक्त घ्यायला लोक येणार आहेत,
अख्ख्या बेटाचं.
बिरिताचं द्यायचं का?
रानवा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,
विणकामाचे टाके मोजत राहते.

काल पहिलं कोकरू पकडलं.
बिरिताने विचारलं, मामा, त्याला दुखतं?
थोडं.
मग कशाला कापायचं?
हरवू नये म्हणून, मी म्हणालो,
आणि मला माझंच पटलं नाही.
तिने कोकराचा कान घट्ट धरला,
वाकड्या करंगळीसकट.
मी सुरी पुसली,
पुन्हा पुसली.