विटलेलं शिंग

थेल्मा ऑस्टबी आली ती ऑक्टोबरात,
पिकअपच्या मागे ताडपत्रीत गुंडाळलेलं
एल्कचं शिंग घेऊन. सहा फाट्यांचं. डावं.
"अकरा वर्षं गोठ्याच्या छपरावर पडून होतं," म्हणाली,
"होतं तसं करून द्या."

मी हातात घेतलं. खडू.
अंगठा फिरवला तर पीठ निघतं.
उन्हाकडची बाजू पांढरीफटक, तडकलेली,
छपराला टेकलेल्या कुशीत अजून थोडी धुगधुगी.
बुडाशी उंदरांच्या दातांच्या बारीक रेघा.
त्यांनाही चुना लागतो पोटाला.

"उजवं आणा, त्यावरून जुळवतो."
"ते हॉल्वरच्या वाटणीला गेलं."
एवढंच.
वडिलांनी एकाच सकाळी, एकाच उतारावर
उचललेली जोडी,
जनावराने स्वतःहून टाकलेली.

लोकांना वाटतं, शिंगाला स्वतःचा रंग असतो.
नसतो.
मखमल सोलली की खाली हाड पांढरंच,
रक्ताने माखलेलं.
मग तो नर महिनाभर झाडांवर डोकं घासत सुटतो.
साल, चीक, चिखल, स्वतःचं मूत
खाचाखाचांत मुरत जातं.
रंग म्हणजे
कुणाकुणाशी झुंजला त्याची नोंद.
टोकं तेवढी उजळ राहतात,
कारण ती कुठेच थांबत नाहीत.

म्हणून विचारलं, झाडं कुठली होती तिथं?
"झाडं... झाडंच होती."
"पाइन असेल तर काळपट येतो. ॲस्पेन असेल तर फिका.
अंदाजाने लावला तर लाकडी खुर्चीचा पाय दिसेल."

तिने फोन काढला. नुसताच धरून राहिली.
मग बाहेर गेली.
काचेतून दिसत होती,
गाडीभोवती एक फेरी, दुसरी,
तिसऱ्या फेरीला ओठ हलले.

मी तोवर टोकांना मेण लावून ठेवलं,
पोलादी लोकरीने पीठ उतरवलं,
पोटॅशियम परमँगनेटचे चार खडे
गरम पाण्यात सोडले.

"आल्डर," ती आत येत म्हणाली.
"ओढ्याकाठची. आता नाहीत, वणव्यात गेली."
नाक पुसलं.
"त्याला सालीचा वाससुद्धा आठवतोय."

आल्डर म्हणजे तांबूस. बुडाशी गडद,
वर जाताना हात हलका सोडायचा.
पहिला हात दिला तशी ती किंचाळलीच:
"जांभळं! अहो, हे काय केलंत?"

सगळेच किंचाळतात.
"थांबा," म्हटलं. "जांभळा आधी येतो.
तपकिरी मागाहून, हवेने,
त्याचा तो."

स्टुलावर बसली. कॉफी घेतली नाही.
रंग वळत होता, आधी कडांना,
मग उंदरांच्या रेघांत. त्या मी बुजवल्या नव्हत्या.

बऱ्याच वेळाने, शिंगाकडेच बघत:
"त्याचंही विटलंय म्हणाला.
खिडकीत ठेवलं होतं."

मी काही बोललो नाही.
चुलीत लाकूड सारलं.
बरणीत द्रावण अर्धं उरलं होतं,
आणि हे फार दिवस टिकत नाही,
हे तिला सांगावं की नाही
ठरत नव्हतं.