मोटर बंद करायची राहिली

आमच्या इमारतीत मोटरची पाळी असते,
दर महिन्याला एक घर.
एप्रिल आमचा.
सातला चालू, सात पस्तीसला बंद,
टाकी वाहिली तर पन्नास रुपये दंड.
जिन्याखाली तसा कागदच आहे, सेक्रेटरी पानसऱ्यांच्या अक्षरात.

कैवल्य पाच वर्षांचा.
काही हवं असलं की माझं मनगट धरायचा
आणि माझा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा:
बरणीच्या झाकणावर, पंख्याच्या बटणावर.
सांडशीनं पातेलं उतरवावं तसा.
मनगटाच्या वर मी कुठवर आहे
हे त्यानं कधी पाहिलं नाही.
राग नव्हता मला. सांडशीचंही एक सुख असतं,
तिच्यावाचून अडतं.

फाइलच्या पहिल्या पानावर
वाशीच्या डॉक्टरांनी निळ्या शाईत लिहिलंय:
बोट दाखवत नाही.
मी मनात म्हटलं, बरंच की,
आम्हाला तर दाखवू नये म्हणूनच शिकवलं.
मग तृप्ती मॅडमनी समजावलं,
मागायला दाखवणं वेगळं
आणि नुसतं दाखवायला दाखवणं वेगळं.
त्यात मिळवायचं काही नसतं.
मी पाहतोय ते तूही पाहा,
एवढंच.
मी कांदा-बटाटा मार्केटात तोलाईच्या पावत्या लिहितो,
गोणीमागे घट धरायची सवय.
मॅडमचं बोलणं कोपरखैरण्यापर्यंत नेईस्तोवर
निम्मं सांडलं.

दोन वर्षं आम्ही बोटं दाखवत राहिलो.
विमानाकडे, मांजराकडे,
खाडीकडच्या टॉवरवर बसलेल्या घारीकडे.
तो आमच्या बोटाच्या टोकाकडे बघायचा.
माझ्या नखात कांद्याचं साल असलं
तर ते काढायचा.

त्या रविवारी पावणेआठ झाले.
एका हातात किल्ली, दुसऱ्यात कैवल्य,
मी जिना उतरून धावलो
तर मागच्या मोकळ्या जागेत तो थांबला.
टाकीच्या पाइपातून पाणी सुटलं होतं,
चौथ्या मजल्यावरून सरळ,
मध्येच म्हसकरांच्या खिडकीच्या पत्र्यावर आपटून
त्याचा पंखा होत होता.
उन्हात.

त्यानं हात सोडवून घेतला.
मला वाटलं, आता मनगट धरेल.
नाही धरलं.
त्याचंच बोट वर गेलं,
जरा वाकडं, बाकीची नीट मिटलेली नाहीत,
अंगठ्याचं काय करावं ते ठरत नव्हतं.
पाण्याकडे पाहिलं.
मग वळून माझ्याकडे.
मनगटाकडे नाही. शर्टाच्या बटणाकडे नाही.
मग परत पाण्याकडे,
मी येतोय ना मागून, असं.

मी गेलो.

वरून कुणीतरी ओरडलं, मोटर कुणाची? अहो, मोटर!
पंपाची खोली चार पावलांवर होती.
एप्रिलातलं पाणी, जातंय हे दिसत होतं,
वाया जातंय असं काही वाटेना.
हो रे, मी म्हणालो, केवढं पाणी.
तो बोलला नाही. बोलायचं नव्हतंच त्याला.
टाचा उचलून दोन्ही हात फडफडवले,
त्याच्या आनंदाची जुनी रीत,
आणि माझेही हात, कसे कोण जाणे, थोडे हलले.

मंजिरी पिठाच्या हातांनी गॅलरीत आली,
"अहो, ती मोटर..."
आणि पुढचं तिला आठवेना.

शेवटी पानसरेच अनवाणी धावत येऊन बंद करून गेले.
संध्याकाळी पावती आली.
पन्नास रुपये फक्त. कारण: हयगय.
पुन्हा असं होता कामा नये, म्हणाले.
बघू, मी म्हणालो.
फाइलच्या पहिल्या पानाला ती टाचून ठेवलीय.

मग नऊ दिवस बोट नाही.
मॅडम म्हणाल्या, मोजू नका.
मी मोजले.
दहाव्या दिवशी, घणसोलीच्या बसमध्ये,
पुढच्या सीटवरच्या एका चकचकीत टकलाकडे.
आणि वळून आमच्याकडे.
लोकांकडे बोट दाखवू...
मी तोंड उघडलं होतं.
मंजिरीनं माझं मनगट धरलं.