आक्रोड

इझमीरच्या गच्चीत नेझाहतबाई आक्रोड फोडत होत्या.
मी म्हटलं, "ओडेसातल्या बहिणीवर मी किझगिन आहे."
व्याकरण चोख होतं.
त्या थांबल्या.

"किझगिन माणूस दार आपटतो, लेस्या.
तू तर रोज तिचा फोटो पुसतेस.
तू किर्गिन."
बत्ता खाली आला. टक्.
"किर्माक म्हणजे हे, फोडणं.
त्यातूनच आलाय तो."

सहा वर्षं तुर्की शिकतेय.
शेवटच्या परीक्षेत सत्त्याण्णव.
वहीत दोन्ही शब्दांपुढे
एकच अर्थ: नाराज.

"आणि समोरचे रेमझीकाका? तुमचे भाऊ ना?"
"क्यूस."
गर वाटीत पडत राहिला.
"अकरा वर्षं. हा नुसता वाटत नाही गं,
धरावा लागतो.
हात भरून येतात."

संध्याकाळी वाटी माझ्या हातात दिली.
कुणाकडे, ते सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही,
रस्ता ओलांडला.

वाटी परत आली ती धुतलेली,
आत तीन अंजिरं,
एक जरा पिचलेलं.
बाईंनी तेच आधी उचललं.

याला काय म्हणतात, विचारणार होते,
पण त्यांचं तोंड
भरलेलं होतं.