एक्केचाळीस सेकंद

मोहाडीच्या कोल्ड स्टोरेजमधून पेनड्राइव्ह आला
द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यातून, कागदाच्या चुऱ्यासकट.
त्यात एक रात्र आहे, सतरा फेब्रुवारीची,
तीनशे बारा मेगाबाइटची.
त्या रात्री कंट्रोलर गप्प झाला
आणि चार नंबरच्या खोलीतला माल
सकाळपर्यंत घामेजला.

अंबडला आमच्या शेडमध्ये तसलाच कंट्रोलर टेबलावर ठेवलाय,
तेच स्क्रू, तीच आवृत्ती,
आणि मी ती रात्र त्याला पुन्हा ऐकवते
पॅकेटमागून पॅकेट.
त्याला काहीही होत नाही.
हिरवा दिवा. शहाण्या पोरासारखा.

पहिल्या दिवशी तर त्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही.
पत्ते मी बदलले, चेकसम जुनाच राहिला:
पाकिटावर नवं नाव, आत बेरीज मागच्या घरची.
वाटेतच कुणीतरी निमूट फेकून दिली सगळी.
बेरीज नव्याने करायला लावली, तर दुसऱ्या दिवशी
अख्खी रात्र नऊ मिनिटांत कोसळली,
ट्रॉलीचा फाळका सोडल्यावर कांदा कोसळतो तशी.

टूल खैरनारांचं. निवृत्ती खैरनार,
सहा वर्षांपूर्वी पुण्याला गेले,
जाताना डबा विसरले,
रुबीना त्यात सोल्डरची तार ठेवते.
तीनशे सत्तेचाळिसाव्या ओळीवर त्यांची टीप:
"एका सेकंदाहून मोठा खंड आला तर गाळावा.
इतका वेळ कोणाला आहे?"

ही टीप वाचून मी किती वेळा पुढे गेले असेन.
हसूनसुद्धा.

बुधवारी फोन लावला, रात्रपाळीच्या गांगुर्डेंना.
त्या रात्री नेमकं काय झालं?
काही नाही म्याडम.
काहीच नाही?
"लाइट गेली. जनरेटर आमचा मागं, बोरीपाशी.
चप्पल सापडंना, तसाच पळालो.
हँडल मारलं, पहिल्यांदा धरलं नाही,
दुसऱ्यांदा धरलं. एवढंच.
मालक म्हणतो, झोपला होतास."

फाइल उघडली.
दोन वाजून तेरा मिनिटं आठ सेकंदांना एक पॅकेट.
पुढचं, दोन तेरा एकोणपन्नासला.
मधे काही नाही.
मधे एक अनवाणी माणूस.
सेन्सर सगळे मुके, आणि कंट्रोलर
इन्व्हर्टरवर एकटा जागा, कान देऊन.

ओळ पुसली नाही. तिच्याआधी दोन तिरक्या रेघा मारल्या,
थोडा खैरनारांचा मान म्हणून, थोडी भीती म्हणून.
खाली लिहिलं: खंड जसाच्या तसा ठेवावा.
आणि दोन बारापासून चालवलं.

पॅकेटं गेली, ज्या त्या अंतराने,
मग थांबली.

शेडमध्ये एक्केचाळीस सेकंद फार होतात.
रुबीनाने सोल्डरिंग गन ओल्या स्पंजावर टेकवली, चर्र झालं.
पाथर्डी फाट्याकडे एक कंटेनर गिअर बदलत गेला.
कुणीतरी विचारलं, कटिंग किती सांगू?
मी बोट वर केलं, ते एक चहा समजले.
अडतिसाव्याला वाटलं, हेही चुकलं.
एकोणचाळीस.
हँडल मारल्याचा आवाज मला आला, शपथ.
मग सेन्सर एकदम बोलायला लागले
आणि आत कुठेतरी रिले पडला,
टक्.
हिरवा दिवा गेला.

"बिघडला?" रुबीना म्हणाली.
"बिघडला!" मी ओरडले,
नातू झाल्यासारखी.
लेथवरची माणसं वळून बघायला लागली.

दुरुस्ती उद्या. तो टायमर कुणी लिहिला, तेही उद्या.
आधी मोहाडीला फोन.
सांगायचं पुष्कळ होतं, की तुम्ही झोपला नव्हता,
माझ्याकडे लिहून आहे, सेकंदासकट,
मालकाला मी स्वतः दाखवते.
सगळं सांगून झालं. पलीकडे नुसता कंप्रेसर.
मग मीच विचारलं, चप्पल सापडली का हो?

"कधीच.
जनरेटरपाशीच तर होती."