मधलं नाव

रायबंदरच्या धक्क्यासमोर, टायरच्या दुकानावर
आमचं ऑफिस. तीन टेबलं, एक माठ,
आणि रुझार आल्यावरच चालू होणारा एसी.
सध्या काम फेरीबोटींच्या वेळापत्रकाचं.

मंगळवारी चोडणहून फोन:
"गे बाय, आमची बोट खंय गेली?
दिवाडीची दिसता, सां पेद्रूची दिसता,
आमच्या जाग्यार निखळ चौकोन."

माझ्या पडद्यावर होती की.
खिडकीतूनही दिसत होती,
तीन स्कूटर आणि नारळांचा एक टेम्पो घेऊन
अर्ध्या पाण्यात.

तास गेला शोधण्यात.
आदल्या आठवड्यात मीच चित्राचं नाव बदललं होतं:
चोडणचा थोरला सी काढून धाकटा घातला,
सगळी नावं धाकट्या अक्षरांत, असा आमचा ठराव.
पण माझ्या विंडोजला थोरला धाकटा एकच;
माणूस ओळखतो तो, डोक्यावरची टोपी बघत नाही.
आणि गिट,
एक स्वल्पविराम हलला तरी खडबडून उठणारा गिट,
तो विंडोजच्या शब्दावर विसंबला.
म्हणाला, काही बदललेलं नाही,
नोंदवण्यासारखं काही नाही.
जुनाच थोरला सी घेऊन गेला सर्व्हरकडे.
तिथं लिनक्स बसलेला, मामलेदार कचेरीतल्या कारकुनासारखा:
धाकट्या सीचं कोणी इथं राहत नाही.
थोरल्याचं एक आहे शेजारी, पण तुम्ही ते मागितलं नाही.

मला हसूच आलं.
बाबांच्या जन्मदाखल्यावर आमचं आडनाव क्यूपासून,
माझ्या पासपोर्टवर केपासून.
मी पणजीला जाऊन, वीस रुपयांच्या कागदावर,
शपथेवर लिहून दिलंय
की क्यूचे केंकरे आणि केचे केंकरे
एकाच घरातले.
विंडोजनं ते वाचताच मानलं असतं.
लिनक्सनं शिक्का उलटसुलट करून बघितला असता.

देवनागरीत लिहिणाऱ्या बाईवर ही पाळी यावी!
आमच्याकडे सगळी अक्षरं एकाच रेघेला लटकलेली,
आरंभी आलं म्हणून कोणी उंच होत नाही.
अर्थात आमचेही घोळ आहेतच.
ते नाव आणि ती नाव.
लिहिताना सारखीच,
चालवायला गेलं की कळतं
कशात पाणी शिरतं ते.

रुझार म्हणाला, सरळ नाही जाता येणार.
थोरल्यावरून धाकट्याकडे पूल नाही.
आधी भलतंच तिसरं नाव दे, नोंदव,
मग त्यावरून हवं ते दे, परत नोंदव.
"तिसरं काय देऊ?"
तो खिडकीतून बघत होता.
"मांडवी दे."

दिलं.
पाच बावन्नला चोडणची मांडवी झाली,
पाच त्रेपन्नला मांडवीची चोडण.
इतिहासात राहील ते.
उद्या कोणी उकरून काढलं तर दिसेल
की एक मिनिट
ही बोट कुठल्याच काठाची नव्हती.

बॅग आवरताना रुझार म्हणाला,
"आमच्याही घराण्याचं असंच झालं असणार.
आधीचं एक, आताचं हे.
मध्ये काही दिवस कुणी तरी काहीतरी हाक मारलीच असेल ना?
आमचा लॉग तेवढा राहिला नाही."
हे त्यानं एसी बंद करता करता सांगितलं,
रिमोटचं बटण नीट लागत नव्हतं,
त्यामुळे मला काय बोलावं सुचलं नाही.

तो चोडणचाच. सव्वासहाच्या बोटीनं गेला.
मी सर्व्हरवर डोळे लावून बसले,
मग मधल्या पाण्यातून त्याचा मेसेज आला:

बोट दिसते.
वेळ चुकीची लिहिलीय.